पिंजऱ्यातील अणूचा वर्णपट कसा घ्यावा आणि कसा वाचावा

साठ कार्बन अणूंच्या सी-६० या पोकळ रेणूमध्ये एखादा अणू कोंडला गेला, की त्याच्यापर्यंत थेट पोहोचण्याचा मार्ग उरत नाही. रासायनिक अभिक्रियाकारके भिंतीपाशीच थांबतात आणि भिंत फोडावी तर अणू निसटून जातो. चुंबकीय क्षेत्र, सूक्ष्मतरंग, अवरक्त किरण, न्यूट्रॉन आणि क्ष-किरण मात्र ही भिंत सहज ओलांडतात. त्यामुळे कोंडलेल्या अणूची चौकशी वर्णपटाच्याच वाटेने करावी लागते. ज्यांनी पदव्युत्तर पातळीवर पुंजयामिकीची तोंडओळख करून घेतली आहे, परंतु जे अशा नमुन्यासह यंत्रासमोर अद्याप बसलेले नाहीत, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे.

मुख्य उदाहरण म्हणून सी-६० मधील नायट्रोजनचा अणू आणि इलेक्ट्रॉन स्पिन अनुस्पंदन, म्हणजेच ईएसआर, ही पद्धत घेतली आहे. या अणूच्या वर्णपटात फक्त तीन रेषा असतात, आणि नवख्या अभ्यासकालाही त्या पहिल्या दिवशी ओळखू येतात. त्याच तीन रेषा निर्दोषपणे नोंदवणे मात्र अनुभवी माणसाचीही कसोटी पाहते. हेलियम, हायड्रोजन, लँथॅनम आणि झेनॉन यांचा विचार पुढे जिथे तुलनेसाठी गरज पडेल तिथे येईल.

पहिली पायरी: पाहुण्याचा स्वभाव ओळखावा

सी-६० चा शोध १९८५ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठात हॅरल्ड क्रोटो, रिचर्ड स्मॉली आणि रॉबर्ट कर्ल यांच्या प्रयोगांतून लागला. त्यासाठी त्या तिघांना १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पोकळी आहे म्हटल्यावर तीत काहीतरी ठेवून पाहण्याची कल्पना ओघानेच आली, आणि १९८५ मध्येच त्या गटाने लँथॅनमचा अणू धारण करणाऱ्या पिंजऱ्याचा संकेत मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये नोंदवला. १९९१ मध्ये त्यांनीच ‘@’ हे चिन्ह रूढ केले. त्याच्या डावीकडे पाहुणा आणि उजवीकडे पिंजरा लिहितात, म्हणून ‘नायट्रोजन@सी-६०’ याचा अर्थ ‘सी-६० च्या आत नायट्रोजन’ असा वाचावा.

पाहुणे ढोबळमानाने दोन स्वभावांचे असतात, आणि कोणते यंत्र वापरायचे हे त्या स्वभावावर ठरते. लँथॅनम, इट्रियम, स्कँडियम यांसारखे धातू आपले संयुजा इलेक्ट्रॉन पिंजऱ्याला देऊन टाकतात आणि स्वतः धन आयन होऊन भिंतीलगत बसतात. लँथॅनम@सी-८२ मध्ये धातूने तीन इलेक्ट्रॉन दिलेले असतात, त्यामुळे तिथे पिंजरा आणि पाहुणा यांचा संसार एकच असतो. नायट्रोजन, फॉस्फरस आणि हेलियमपासून झेनॉनपर्यंतचे निष्क्रिय वायू यांची तऱ्हा उलट आहे. ते काही देत नाहीत, काही घेत नाहीत आणि पोकळीच्या मध्यभागी जवळजवळ मोकळ्या अणूसारखे राहतात. नायट्रोजनसारखा एरवी क्षणभरही एकटा न राहणारा अणू सी-६० मध्ये सामान्य तापमानाला आपले तीन अयुग्मित इलेक्ट्रॉन जसेच्या तसे सांभाळून राहतो, ही गोष्ट मला या विषयातील सर्वांत नवलाची वाटते. बर्लिनच्या हान-माइटनर संस्थेतील गटाने १९९६ मध्ये ती ईएसआरच्याच साहाय्याने दाखवून दिली.

पाहुण्याकडे अयुग्मित इलेक्ट्रॉन असतील तर ईएसआरपासून सुरुवात करावी. ते नसतील, पण अणुकेंद्राला स्पिन असेल, जसे हेलियम-३ मध्ये असते, तर अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे एनएमआर, निवडावे. दोन्ही नसतील तर अवरक्त, न्यूट्रॉन किंवा क्ष-किरण यांच्याकडे वळावे लागते, आणि तो मार्ग अधिक खर्चाचा आहे.

दुसरी पायरी: रिकाम्या पिंजऱ्याचा वर्णपट पाठ करावा

या क्षेत्रातील कोणत्याही आकड्याला दोन तुलनांशिवाय अर्थ नाही. एक तुलना मोकळ्या अणूशी आणि दुसरी रिकाम्या पिंजऱ्याशी. पहिलीसाठी प्रमाणित मूल्ये पुस्तकात सापडतात, दुसरी मात्र आपल्याच प्रयोगशाळेत, आपल्याच द्रावकात आणि आपल्याच नळीत करून घ्यावी.

सी-६० मध्ये समोरासमोरच्या कार्बन अणुकेंद्रांमधील अंतर सुमारे ०.७१ नॅनोमीटर असते. त्यातून भिंतीवरील इलेक्ट्रॉनांची जाडी वजा केली, की पाहुण्याला वावरण्यासाठी ०.३५ नॅनोमीटरच्या आसपास व्यासाची जागा उरते. टोल्यूइनमधील द्रावण जांभळ्या रंगाचे असते. साठही कार्बन सममितीने समतुल्य असल्यामुळे कार्बन-१३ च्या एनएमआर वर्णपटात १४३ पीपीएमजवळ एकच रेषा दिसते, आणि अवरक्त वर्णपटात ५२७, ५७६, ११८३ व १४२९ प्रति सेंटिमीटर या चारच रेषा दिसतात. नायट्रोजन आत गेल्याने यांपैकी कशातही डोळ्यांना जाणवेल असा फरक पडत नाही. रंग तोच आणि विद्राव्यताही तीच राहते. त्यामुळे भरलेले व रिकामे पिंजरे वेगळे करण्यासाठी द्रवस्तंभ वर्णलेखनाच्या, म्हणजे एचपीएलसीच्या, स्तंभातून तेच द्रावण पुन्हापुन्हा फिरवावे लागते.

ईएसआरच्या दृष्टीने रिकामा पिंजरा ‘रिकामा’ नसतो, हे आधीच सांगितलेले बरे. हवा आणि प्रकाश लागलेल्या सी-६० च्या भुकटीत एक अरुंद संकेत दिसतो, आणि तो ज्या जागी दिसतो तिथेच नायट्रोजनची मधली रेषा येते. म्हणून भरलेल्या नमुन्याआधी त्याच बाटलीतील साध्या सी-६० चा वर्णपट घेऊन ठेवावा.

तिसरी पायरी: आपल्याजवळ नेमके किती आहे याचा हिशेब करावा

नायट्रोजन@सी-६० तयार करण्याची मूळ रीत अशी आहे: निर्वातात सी-६० चा थर बसवत असतानाच त्यावर कमी ऊर्जेच्या नायट्रोजन आयनांचा मारा करतात. त्यातून मिळणाऱ्या पदार्थात साधारणपणे दहा हजार ते लाखभर पिंजऱ्यांमागे एकच भरलेला असतो. दहा हजार शितांमध्ये एकच शीत वेगळे असेल, तर शितावरून भाताची परीक्षा करण्याची आपली म्हण इथे निरुपयोगी ठरते.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. एक मिलिग्रॅम सी-६० मध्ये सुमारे ८.४ × १०^१७ रेणू असतात. त्यांतील दहा हजारांत एक भरलेला असेल, तर ८ × १०^१३ स्पिन हाती येतात. रेषा अतिशय अरुंद असल्यामुळे नेहमीच्या ईएसआर यंत्राला इतके स्पिन सहज दिसतात. शुद्ध पदार्थ मिळवणे मात्र वेगळी गोष्ट आहे. २०१५ मध्ये अवघे २०० मायक्रोग्रॅम २२,००० पौंडांना विकले गेल्याची बातमी होती, त्यावरून त्या कामाच्या कष्टांची कल्पना यावी. नवख्या अभ्यासकाने शुद्ध नमुन्याच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. विरळ नमुना पुरेसा असतो आणि तो सांडला तरी संस्थेचे अंदाजपत्रक कोलमडत नाही.

हेलियमची वाट निराळी आहे. येल विद्यापीठातील मार्टिन सॉन्डर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये असे दाखवले, की हेलियमच्या वातावरणात विद्युत प्रज्योतीने बनवलेल्या सी-६० मध्ये सुमारे ८,८०,००० पिंजऱ्यांमागे एकात हेलियम आपसूकच अडकलेला असतो. पुढे ६५० अंश सेल्सिअस आणि काही हजार वातावरणे एवढा दाब वापरून त्यांनी हे प्रमाण हजारात एकापर्यंत नेले. हायड्रोजनच्या रेणूसाठी जपानमधील क्योटो विद्यापीठात कोइची कोमात्सु आणि यासुजिरो मुराता यांच्या गटाने २००५ मध्ये ‘रेणवीय शस्त्रक्रिया’ सिद्ध केली. तीत रासायनिक अभिक्रियांनी पिंजऱ्याला दार पाडतात, दाबाखाली पाहुण्याला आत घालतात आणि नंतर दार शिवून टाकतात. या रीतीने जवळजवळ प्रत्येक पिंजरा भरता येतो. २०११ मध्ये याच रीतीने पाण्याचा एकटा रेणूही आत बसवण्यात आला.

चौथी पायरी: मास स्पेक्ट्रमवर बेताचाच विश्वास ठेवावा

भरलेल्या पिंजऱ्याचे वस्तुमान वेगळे असते, म्हणून पहिली धाव सहसा मास स्पेक्ट्रोमीटरकडे असते. सी-६० चे वस्तुमान ७२० आणि नायट्रोजन@सी-६० चे ७३४ आहे. पण निसर्गातील कार्बनमध्ये १.१ टक्के कार्बन-१३ असतो, आणि साठ अणूंच्या रेणूत ही लहान टक्केवारी मोठी होते. निव्वळ सी-६० मध्येच ७२० ची उंची १०० मानली, तर ७२१ ची सुमारे ६५, ७२२ ची २१ आणि ७२३ ची ४ भरते. हायड्रोजन@सी-६० चे वस्तुमान ७२२ असल्याने त्याची रेषा या शेपटीवर येऊन पडते, आणि समस्थानिकांचा हिशेब न करता ‘हायड्रोजन सापडला’ असे जाहीर करणारा विद्यार्थी हमखास फसतो. शिवाय ७३४ ला दिसणारी रेषा नायट्रोजन आत आहे की बाहेर चिकटला आहे, हे सांगत नाही. तो निवाडा ईएसआर देते.

पाचवी पायरी: नळी आणि द्रावण

द्रावक म्हणून टोल्यूइन किंवा कार्बन डायसल्फाइड घ्यावे. टोल्यूइनमध्ये दर मिलिलिटरला सुमारे २.८ मिलिग्रॅम सी-६० विरघळते, तर कार्बन डायसल्फाइडमध्ये त्याच्या अडीच पटींहून अधिक. पण कार्बन डायसल्फाइड विषारी आहे आणि त्याची वाफ शंभर अंश सेल्सिअसच्या आसपासच्या नुसत्या तापलेल्या पृष्ठभागावरही पेट घेते. म्हणून धूरकपाटाबाहेर आणि तापपट्टीच्या जवळपास त्याची बाटली उघडू नये. पहिल्या प्रयोगासाठी टोल्यूइन पुरे.

नळी क्वार्ट्झचीच हवी. साध्या काचेतील लोहाच्या अंशामुळे स्वतंत्र संकेत येतो. द्रावणात विरघळलेला ऑक्सिजन स्वतः चुंबकीय असल्याने रेषा रुंद करतो. म्हणून नळी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून पंपाने हवा ओढणे, पंप बंद करून द्रावण वितळू देणे आणि हे चक्र तीन-चार वेळा करणे आवश्यक आहे. हवेला उघडी असलेली नळी द्रवरूप नायट्रोजनमध्ये कधीही बुडवून ठेवू नये, कारण तीत हवेतील ऑक्सिजन द्रवरूपाने साचतो आणि पुढे नळी बंद करून ती गरम होऊ दिली तर ती फुटते. हवा काढलेली नळी ज्योतीने बंद करून, वर्ख गुंडाळून अंधारात ठेवावी.

सहावी पायरी: यंत्राची मांडणी

या पायरीवर थोडे रेंगाळावे लागेल, कारण बहुतेक चुका इथेच होतात आणि त्यांचे मूळ एकच असते. ईएसआर यंत्राची नेहमीची मांडणी मिलिटेस्लाच्या घरातील रुंदी असलेल्या रेषांसाठी केलेली असते, तर इथल्या रेषा त्याहून हजारपटीने अरुंद असतात.

प्रथम क्षेत्र ठरवावे. सूक्ष्मतरंगांची वारंवारता ९.७ गिगाहर्ट्झ असेल, तर मधली रेषा ३४६ मिलिटेस्लाच्या आसपास येते. तिच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ०.५७ मिलिटेस्ला अंतरावर बाकीच्या दोन रेषा असतात, म्हणून पहिल्या शोधासाठी २ मिलिटेस्लाचा पल्ला पुरतो.

इथेच पहिला सापळा आहे. हा पल्ला यंत्राने १०२४ बिंदूंमध्ये नोंदवला, तर लगतच्या दोन बिंदूंमध्ये जवळजवळ २ मायक्रोटेस्लाचे अंतर पडते. चांगल्या, ऑक्सिजनमुक्त द्रावणात सामान्य तापमानाला या इलेक्ट्रॉनांची स्पिन-स्मृती सुमारे ८० मायक्रोसेकंद टिकते. त्यावरून रेषेची अंगभूत रुंदी ४ किलोहर्ट्झ, म्हणजे ०.१४ मायक्रोटेस्ला एवढीच निघते. अशी रेषा दोन बिंदूंच्या मधल्या फटीत संपूर्ण हरवू शकते. म्हणून पहिला शोध जास्तीत जास्त बिंदूंनी आणि संथ गतीने घ्यावा. रेषा सापडल्या की प्रत्येक रेषेसाठी ०.०५ मिलिटेस्लाचा स्वतंत्र पल्ला घेऊन पुन्हा नोंद करावी.

दुसरा सापळा मॉड्युलेशनचा आहे. यंत्र चुंबकीय क्षेत्राला १०० किलोहर्ट्झ वारंवारतेने किंचित हलवते आणि त्यामुळे नोंद अवकलजाच्या, म्हणजे डेरिव्हेटिव्हच्या, रूपात मिळते. या हलवण्याचा विस्तार रेषेच्या रुंदीपेक्षा मोठा ठेवला, तर रेषा फुगते, हे सर्व जण जाणतात. पण विस्तार कितीही लहान केला तरी १०० किलोहर्ट्झ ही वारंवारता स्वतःच ३.६ मायक्रोटेस्लाच्या बरोबरीची असते, आणि त्याहून अरुंद रेषेच्या दोन्ही अंगांना तेवढ्याच अंतरावर खोट्या उपरेषा उमटतात. त्यांना रासायनिक अर्थ देण्याचा मोह टाळावा. यंत्रात सोय असेल तर वारंवारता १० किलोहर्ट्झवर आणावी. म्हणजे हे अंतर ०.३६ मायक्रोटेस्ला होते आणि चुंबकाच्या स्वतःच्या विषमतेखाली झाकले जाते. उपरेषा खोटी आहे की खरी, हे ओळखायलाही हाच उपाय आहे, कारण मॉड्युलेशनची वारंवारता बदलल्यावर जी सरकते ती खोटी.

तिसरा सापळा शक्तीचा आहे. पिंजऱ्यातील स्पिन बाहेरच्या जगापासून इतके अलिप्त असतात, की घेतलेली ऊर्जा ते लवकर सोडत नाहीत, आणि सूक्ष्मतरंगांची शक्ती थोडी जरी जास्त झाली तरी संकेत संतृप्त होतो. मिलिवॅटची सवय असलेल्या हाताने इथे मायक्रोवॅटपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरावे. शक्ती चौपट केल्यावर संकेत दुप्पट झाला पाहिजे. तसे न झाल्यास आपण संतृप्तीत आहोत असे समजून आणखी खाली यावे.

या तीन गोष्टी सांभाळल्या आणि चुंबक चांगला असला, तर एक छोटेसे बक्षीस मिळते. बाहेरच्या दोन रेषा एकेरी नसून प्रत्येकी तीन रेषांच्या बनलेल्या दिसतात. त्यांच्यातील अंतर सुमारे २६ किलोहर्ट्झ, म्हणजे ०.९ मायक्रोटेस्ला असते. मधली रेषा मात्र एकेरीच राहते. तीन इलेक्ट्रॉनांचा एकत्रित स्पिन ३/२ असल्यामुळे तीन संक्रमणे होतात, आणि दुसऱ्या क्रमाच्या परिणामामुळे ती किंचित वेगळी पडतात. हे विभाजन दिसले, की मांडणी योग्य झाली असे समजण्यास हरकत नाही.

सातवी पायरी: रेषा मोजाव्यात, मग अंतर मोजावे

रेषांची संख्या पाहुण्याची ओळख सांगते. अणुकेंद्राचा स्पिन ‘आय’ असेल आणि अशी ‘एन’ समतुल्य अणुकेंद्रे असतील, तर रेषा २ × एन × आय + १ एवढ्या येतात. नायट्रोजन-१४ चा स्पिन १ आहे, म्हणून तीन. फॉस्फरसचा १/२, म्हणून दोन. लँथॅनमचा ७/२, म्हणून आठ. तीन स्कँडियम असलेल्या सी-८२ मध्ये प्रत्येकाचा ७/२ धरून बावीस रेषा येतात, आणि त्या तशा मोजल्याही गेल्या आहेत.

खात्री करून घेण्याचा सर्वांत स्वच्छ मार्ग समस्थानिक बदलण्याचा. नमुना नायट्रोजन-१५ वापरून बनवला, तर तीनऐवजी दोन रेषा याव्यात आणि त्यांच्यातील अंतर १५.९ मेगाहर्ट्झऐवजी (म्हणजे वरच्या ०.५७ मिलिटेस्लाऐवजी) २२.३ मेगाहर्ट्झ व्हावे. हा पुरावा कोणी नाकारू शकत नाही. तेवढी सोय नसेल तर नमुन्याचा थोडा भाग तापवावा. साधारण २३० अंश सेल्सिअसच्या वर नायट्रोजन पिंजऱ्यातून निसटू लागतो आणि तिन्ही रेषा मावळतात. तापवल्यावरही जी उरते, ती नायट्रोजनची नव्हती. मधल्या रेषेबद्दल वर दिलेला इशारा लक्षात ठेवून, निष्कर्ष नेहमी बाहेरच्या दोन रेषांवर आधारावा.

अंतराचा अर्थ लावताना दोन तुलनांचे सूत्र कामी येते. नायट्रोजन@सी-६० मध्ये इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्र यांच्यातील अतिसूक्ष्म युग्मनाचा स्थिरांक सुमारे १५.९ मेगाहर्ट्झ आहे, तर मोकळ्या नायट्रोजन अणूत तो १०.४५ मेगाहर्ट्झ असतो. म्हणजे पिंजऱ्यात तो दीडपट झाला. इलेक्ट्रॉन पिंजऱ्याकडे गेले असते, तर तो घटला असता. तो वाढला, याचा अर्थ इलेक्ट्रॉन अणूपाशीच आहेत आणि भिंतीने त्यांच्या ढगाला आतल्या बाजूने दाबल्यामुळे अणुकेंद्राच्या जागी स्पिनची घनता वाढली आहे. आकाराने मोठा असलेला फॉस्फरस याच पिंजऱ्यात अधिक चेपला जातो, आणि त्याचा स्थिरांक ५५ वरून १३८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे अडीचपट होतो.

आता लँथॅनम@सी-८२ चा वर्णपट शेजारी ठेवावा. आठ रेषा आहेत, पण त्यांच्यातील अंतर जेमतेम ०.११५ मिलिटेस्ला. अयुग्मित इलेक्ट्रॉन लँथॅनमच्या कक्षेत असता, तर हे अंतर कितीतरी मोठे झाले असते. ते इतके लहान आहे, कारण इलेक्ट्रॉन पिंजऱ्यावर पसरलेला आहे आणि अणुकेंद्राला त्याची केवळ चाहूल लागते. यंत्र तेच आणि राशीही तीच, परंतु एका ठिकाणी ती वाढून आणि दुसऱ्या ठिकाणी आक्रसून पाहुण्याचे दोन वेगळे स्वभाव सांगते. स्कँडियमचे तीन अणू आणि एक नायट्रोजन सामावणाऱ्या सी-८० मध्ये तर ईएसआर संकेत मुळीच येत नाही, कारण तिथे सर्व इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लागलेल्या असतात. संकेत नाही म्हणजे पाहुणा नाही, असा अर्थ म्हणूनच काढू नये. हा रेणू १९९९ मध्ये व्हर्जिनियातील हॅरी डॉर्न यांच्या गटाला सापडला.

आठवी पायरी: स्पिनची संख्या काढणे

भरलेल्या पिंजऱ्यांचे प्रमाण काढण्यासाठी, ज्यातील स्पिनची संख्या माहीत आहे असा प्रमाणित नमुना त्याच नळीत, त्याच द्रावकात आणि त्याच उंचीपर्यंत भरून मोजावा आणि दोन्ही नोंदींचे दुहेरी संकलन करून तुलना करावी. प्रमाणित नमुना म्हणून सहसा नायट्रॉक्साइड वर्गातील संयुग घेतात, ज्याचा स्पिन १/२ असतो. संकेताची तीव्रता एस × (एस + १) या गुणाकाराच्या प्रमाणात असते. तो स्पिन १/२ साठी ३/४ आणि ३/२ साठी १५/४ येतो, म्हणजे नायट्रोजनचा प्रत्येक अणू पाच साध्या स्पिनांएवढा आवाज करतो. पाचने भागायचे विसरल्यास आपला नमुना कागदावर पाचपट श्रीमंत होतो. दोन्ही मोजमापे संतृप्तीखालच्या शक्तीला घ्यावीत. प्रमाणित नमुना जास्त शक्ती सहन करतो म्हणून ती तशीच ठेवली, तर नायट्रोजनचा आकडा कमी येईल.

ज्यांच्याकडे अयुग्मित इलेक्ट्रॉन नाहीत

हेलियम-३ चे अणुकेंद्र हे पिंजऱ्याच्या आत ठेवलेले चिमुकले चुंबकमापक आहे. द्रावणातील मोकळ्या हेलियमची रेषा शून्यावर मानली, तर सी-६० मधील हेलियम उणे ६.३ पीपीएमवर आणि सी-७० मधील उणे २८.८ पीपीएमवर दिसतो. भिंतीवर फिरणारे इलेक्ट्रॉन आतील अणूला बाह्य क्षेत्रापासून किती झाकतात, याचे हे थेट माप आहे. सी-६० ला सहा इलेक्ट्रॉन जादा दिले तर हाच आकडा उणे ४९ पर्यंत घसरतो, आणि सी-७० मध्ये मात्र तो उलट धन बाजूला जातो. व्यावहारिक अडचण अशी, की ५०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर हेलियम-३ ची वारंवारता ३८१ मेगाहर्ट्झ येते आणि अनेक प्रचलित प्रोब त्या वारंवारतेला जुळवता येत नाहीत. नमुना पाठवण्यापूर्वी ही चौकशी करावी. हायड्रोजन@सी-६० साठी मात्र कोणतेही साधे प्रोटॉन एनएमआर चालते. रेषा उणे १.४४ पीपीएमला, म्हणजे द्रावकाच्या आणि अशुद्धींच्या नेहमीच्या गर्दीपासून दूर, एकटी उभी दिसते.

हायड्रोजनचा मोकळा रेणू अवरक्त किरणे जवळजवळ शोषत नाही, कारण त्याला द्विध्रुव आघूर्ण नसते. पिंजऱ्यात मात्र भिंतीशी होणाऱ्या टकरींमुळे ते क्षणोक्षणी निर्माण होते आणि शोषणरेषा दिसू लागतात. द्रवरूप हेलियमने थंड केलेल्या नमुन्यावर, मुख्यतः एस्टोनियातील टाल्लिन येथे, हे वर्णपट घेतले गेले. त्यांत रेणूच्या कंपन व परिवलनाबरोबरच, पोकळीतल्या पोकळीत इकडून तिकडे हेलकावण्याची पुंजित ऊर्जाही सुमारे १८० प्रति सेंटिमीटर एवढी स्पष्ट मोजता येते. पेटीतील कणाचे जे उदाहरण आपण फळ्यावर सोडवतो, त्याच्या इतके जवळ जाणारा पदार्थ दुसरा क्वचितच असेल. अवरक्त शोषणात ज्या संक्रमणांना मनाई आहे, ती न्यूट्रॉन प्रकीर्णनात दिसतात, म्हणून या दोन पद्धती जोडीने वापराव्यात.

निष्क्रिय वायूंपैकी झेनॉनचा अभ्यास क्ष-किरणांच्या अलीकडच्या, सुमारे १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या प्रदेशात झाला आहे. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची तरंग पिंजऱ्याच्या भिंतीवरून अंशतः परावर्तित होते. मूळ आणि परावर्तित तरंगांच्या व्यतीकरणामुळे शोषणवक्रावर चढउतार उमटतील, हे भाकीत आधी सिद्धांतातून आले होते. २०१० मध्ये बर्कली येथील सिंक्रोट्रॉनवर झेनॉन@सी-६० च्या आयनांवर केलेल्या प्रयोगात तसे चढउतार आढळले. नवख्या अभ्यासकाने हा प्रयोग स्वतः करण्याची अपेक्षा नाही, पण पुढे काय आहे हे ठाऊक असावे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एवढेच सांगतो, की आयआयटी मुंबईतील विश्लेषण उपकरणांच्या सामायिक सुविधेत बाहेरच्या संस्थांचे नमुनेही ईएसआर व एनएमआरसाठी घेतले जातात. न्यूट्रॉनसाठी मुंबईतील तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) ध्रुव अणुभट्टी आणि सिंक्रोट्रॉनसाठी इंदूरचे इंडस ही राष्ट्रीय केंद्रे आहेत. तिथे वेळ मागताना अर्जासोबत रिकाम्या पिंजऱ्याचा वर्णपट, स्पिनसंख्येचा हिशेब आणि ज्या शक्तीला व मॉड्युलेशनला तो घेतला त्यांचे आकडे जोडावेत. नमुन्याच्या नळीवर द्रावक, हवा काढल्याची तारीख आणि ‘प्रकाशापासून दूर ठेवावे’ ही सूचना पेन्सिलने लिहावी, कारण टोल्यूइनचा एक थेंब पेनाची शाई पुसून टाकतो.